उसन्या गळ्याचा सूर

एर्मेसने उभ्या आयुष्यात एकच काम केलं, ठोकून बघायचं. पार्मा शहराच्या आसपासच्या गोदामांत वर्षभर मुरत पडलेली चीजची चाळीस-चाळीस किलोची चाकं तो लहानशा हातोडीने ठोके, कान लावी आणि आत पोकळी आहे की नाही ते सांगे. त्याने नापास केलेलं चाक कुणी पुन्हा पास केल्याचं कुणाला आठवत नाही. हाच कान घेऊन रविवारी तो जुन्या नाट्यगृहाच्या सगळ्यात वरच्या सज्जात जाऊन बसे. तिथली बाकं कडक, तिकीट स्वस्त आणि माणसं महाखडूस. मांडीवर स्वरलिपीची वही उघडून बसायचं आणि गवय्याने अर्धी मात्रा खाल्ली, की खालच्या मखमली खुर्च्यांना कळायच्या आत शिट्टी मारायची. तिथं शिट्टी म्हणजे दाद नव्हे, शिट्टी म्हणजे चालता हो. पहिली शिट्टी बहुतेकदा एर्मेसची असे आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून आपापली बोटं तोंडात घालत.

अशा माणसाचा पोरगा, लोरिस, 'क्वात्रो स्तेल्ले'त गात होता. क्वात्रो स्तेल्ले म्हणजे चार तारे. हॉटेलच्या पाटीवर असतात तेवढेच. चौघे पुरुष, काळे सूट, छातीपर्यंत उघडी बटणं आणि पायाखाली यंत्राचा धूर. अर्ध्या ऑपेराखाली ढोल बडवायचे, मग सिनेमातलं प्रेमगीत ऑपेराच्या थाटात गळा काढून म्हणायचं, मध्येच एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून डोळे मिटायचे. ना धड ऑपेरा, ना धड सिनेमा. त्यावर हे लोक अर्धं जग फिरत होते आणि बायका फोन उंच धरून रडत होत्या. एर्मेसला कुणी विचारलं, की मुलगा काय करतो, तर तो सांगे, प्रवास करतो.

सात वर्षं पोरगा संगीत विद्यालयात घासला होता. तेव्हा एर्मेस त्याला वरच्या सज्जात शेजारी बसवून एकेक सूर ऐकवी. मग दोन वर्षं भालेदार, निरोप्या अशा दोन ओळींच्या भूमिका मिळाल्या, आणि एके दिवशी लोरिसने ही चौकडी गाठली. त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत चौकडी टोकियोला गेली, लिमाला गेली, पण पार्माला आली नव्हती. वरच्या सज्जाच्या वाटेला जायची त्यांच्या मॅनेजरची छाती नव्हती. या रविवारी दुपारी मात्र चौकडी येणार होती.

शनिवारी तालीम होती. दारवान ओदोआर्दो जुना दोस्त. त्याने एर्मेसला गुपचूप वर सोडलं. अंधारात बसून एर्मेसने पहिल्या तासाभरात जेवढी नाकं मुरडता येतील तेवढी मुरडली. मग शेवटचं गाणं आलं. हे एकच अख्खं ऑपेराचं, आणि ते लोरिसचं एकट्याचं. शेवटी तो उंच सूर येतो, ज्यासाठी लोक तिकीट काढतात. लोरिसने हात पसरले, तोंड उघडलं आणि सूर लागला. मॅनेजरने पुन्हा घ्यायला सांगितलं. पुन्हा सूर लागला. तोच श्वास, तीच लांबी, शेवटाला तोच थरथराट. दोन माणसं सारखी नसतात तसे एका माणसाचे दोन सूरही सारखे नसतात. एर्मेस उठला आणि नव्वद पायऱ्या उतरून थेट विंगेत गेला.

लोरिस पाणी पीत होता. बापाला बघून त्याचा चेहरा आधी फुलला, मग बाप का आला ते त्याच्या ध्यानात आलं.

"टेप आहे," एर्मेस म्हणाला.

"फक्त तेवढा सूर. बाकी सगळं मी गातो." लोरिसने आवाज खाली आणला. "बाबा, वर्षाला दीडशे प्रयोग असतात. आज इथं, उद्या विमान. कुठल्या गळ्याला झेपेल? आवाज माझाच आहे, स्टुडिओत घेतलेला. सगळेच करतात."

"सगळे शेण खातात म्हणून आपण खायचं? वर जी माणसं बसतात ना, ती तुला शेंबडा असल्यापासून ओळखतात. त्यांना तू डबाबंद सूर वाढणार?"

"आणि मी स्वतः गायलो आणि फाटला तर?"

"फाटला तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन," एर्मेस म्हणाला. "फाटलेला आवाज माणसाचा असतो. पण उद्या टेप वाजली, तर पहिली शिट्टी माझी. बाप म्हणून हयगय करणार नाही."

लोरिसने बाटलीचं झाकण लावलं आणि 'उद्या या,' म्हणाला.

रविवारी वरचा सज्जा गच्च भरला. यातल्या कुणालाही ते गाणं ऐकायचं नव्हतं. तुच्छता दाखवायची असली तरी तिकीट काढून, हक्काने दाखवावी अशी त्यांची रीत. एर्मेसच्या डाव्या हाताला प्रिमो न्हावी होता. त्याने पहिल्याच प्रेमगीताला विचारलं, की या चौघांना शर्टाची बटणं परवडत नाहीत का. धुरात एकजण खोकला तेव्हा सज्जात हशा पिकला. एर्मेस हसला नाही. रात्रभर त्याला झोप नव्हती. पोरगा गाईल की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. हजार कोसांवरच्या बायकांनी कितीही फोन उंचावले, तरी आपल्या गावाने ज्याला गवई म्हटलं नाही तो गवई नव्हे, असं एर्मेस मानत होता. आणि ते गावाने म्हणायची वेळ आजचीच होती.

शेवटचं गाणं सुरू झालं. लोरिस पुढे आला. मधल्या एका जागी आवाज किंचित घसरला, पण तिथं तो कालही घसरला होता. उंच सूर जवळ आला. लोरिसची एक खोड एर्मेसला त्याच्या एकोणिसाव्या वर्षापासून पाठ होती: वर चढायच्या आधी पोरगा खालून एक धक्का देई, जड दार खांद्याने लोटावं तसा. एर्मेस त्या धक्क्याची वाट बघत राहिला. टाळ्यांसाठी हात त्याने मांडीवरून उचललेसुद्धा.

धक्का आलाच नाही. सूर थेट लागला. स्वच्छ, भरीव, कुठं कण नाही, आणि लांबत गेला, लांबतच गेला. खालच्या खुर्च्या टाळ्या पिटत उठल्या.

भित्रा, एर्मेसच्या मनात आलं. बापाच्या तोंडावर थुंकला. 'टेप आहे,' असं प्रिमोला सांगून त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

पुढचं काम सज्जाने केलं. शिट्ट्या, बाकांवर पाय आपटणं, "टेप घरी नेऊन लाव" अशा आरोळ्या. खालच्या टाळ्या बुडाल्या. बाकीचे तिघे घाईघाईने वाकून आत पळाले. लोरिस उभाच राहिला. त्याने वर पाहिलं, नेमकं डाव्या कोपऱ्यात, जिथं लहानपणी तो स्वतः बसत असे. मग तोही आत गेला.

एर्मेस मागच्या दाराशी आला तेव्हा ध्वनियंत्र सांभाळणारी मिलेना वायरी गुंडाळत होती. लोरिसचा बाप का, असं तिने विचारलं आणि हातातली वायर खाली ठेवली. मग तिने सांगितलं ते असं. सकाळीच लोरिसने तिच्याकडून टेप काढून घेतली होती. मॅनेजर कडाकडा भांडला, तरी ऐकलं नाही. पहाटेपासून हॉटेलच्या न्हाणीघरात गळा तापवत होता, दिवसभर कुणाशी शब्द बोलला नाही, लागेल ते चिठ्ठीवर लिहून मागितलं. सहा वर्षांत तो सूर त्याने पहिल्यांदा स्टेजवर लावला.

"इतका चांगला तर टेपमध्येही नाही," ती म्हणाली.

चौकडीची गाडी सुरू होऊन उभी होती. लोरिस पायरीवर बसून मफलर गुंडाळत होता. तोंडावरचा रंग अजून पुसलेला नव्हता.

"तो धक्का आला नाही," एर्मेस म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. "तू नेहमी खालून धक्का देतोस."

"ती खोड काढायला मला चार वर्षं लागली. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही एकदाही आला नाहीत."

"मला वाटलं टेप आहे. इतका चोख सूर..."

"बाबा, तुम्ही ऐकायला आलाच नव्हता," लोरिस म्हणाला. "पकडायला आला होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. पुढच्या गावाला उशीर होईल म्हणून मॅनेजरने हाक मारली. लोरिस उठला, बापाच्या गालाला गाल लावला आणि आत जाऊन बसला. उद्यापासून टेपच वाजवू, असं तो कुणाला तरी म्हणाला ते एर्मेसला स्पष्ट ऐकू आलं.

खानावळीत सज्जाची मंडळी जमली होती. तळलेली तोर्ता, म्हणजे तिथल्या फुगीर पुऱ्या, आली होती, लाल लाम्ब्रुस्को वाइन ओतली गेली होती आणि एर्मेसची जागा टेबलाच्या मुख्य टोकाला राखून ठेवली होती. तो आत शिरताच पेले वर गेले. प्रिमोने सगळ्यांदेखत कबूल केलं, की आपण फसलो होतो, आपल्याला तो सूर खराच वाटला होता. एर्मेसची शिट्टी आली नसती तर आपण बावळटासारख्या टाळ्या वाजवल्या असत्या.

"खराच होता," एर्मेस म्हणाला.

पेले खाली आले. एर्मेसने उभ्यानेच सगळं सांगितलं. टेप सकाळीच काढली होती, सूर लोरिसच्या गळ्याचा होता, चूक माझी. कान माझा चुकला.

ते एकमेकांकडे बघू लागले. मग प्रिमोने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"पोटचा पोर आहे रे," तो हळू म्हणाला. "आम्ही काय समजत नाही? सज्जात तू बाप नव्हतास, आता झालास. बस, पी."

"अरे, त्याच्या आईची शपथ."

"शपथा कशाला घालतोस? दुसऱ्या कुणी पोटच्या पोराला शिट्टी मारली असती का? आम्ही काही म्हणणार नाही लोरिसला. धंदा आहे, बिचारा करतो."

कुणीतरी त्याचा पेला भरला. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणूस हळवा व्हायचाच. ओदोआर्दोने ताटली पुढे सरकवली आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या बाईचा खालचा आवाज कसा घोगरा आहे, त्यावर बोलणं सुरू झालं. एर्मेसने आणखी दोनदा सांगून पाहिलं. एर्मेसचा कान चुकतो, ही गोष्ट त्या टेबलावर एकालाही पटली नाही.