सपाट आवाज

“वादळ काढा त्यातलं,” साहेब म्हणाले. “दुसरं काहीतरी घाला.”

भोंगाताईने कागद त्यांच्यापुढे धरला. “साहेब, स्टॉर्मी लिहिलंय. स्टॉर्म म्हणजे वादळ, स्टॉर्मी म्हणजे वादळी. यात दुसरं काय घालू?”

“वादळी ना? वादळ तर नाही! झालं मग. खवळलेलं हवामान म्हणा.”

“आणि हे स्क्वॉली? स्क्वॉल म्हणजे झंझावात. न सांगता अंगावर येतो.”

“अधूनमधून वारा.” साहेबांनी मानेवरचा घाम पुसला. “अहो, मागच्या खेपेला तुम्ही वादळ म्हणालात, सगळ्या बोटी बांधून राहिल्या आणि आभाळ निळंशार! मासळीच्या व्यापाऱ्यांनी वर तक्रार केली. बोलणी कोणी खाल्ली? मी. या वेळी तसं झालं तर उद्यापासून कर्ण्यावर दुसरं कोणी बसेल. वाचा आता. मी इथेच आहे.”

आणि खरोखरच खुर्ची ओढून ते तिच्या खांद्याशी बसले. शब्द मऊ केला की वारा मऊ होतो असं मानणाऱ्यांच्या खुर्च्या नेहमी छपराखाली असतात.

बंदराच्या कचेरीत हवामानाचा इशारा इंग्रजीत यायचा. तो आपल्या भाषेत करून धक्क्यावरच्या कर्ण्यातून दोनदा वाचायचा, हे तिचं काम. म्हणून ती भोंगाताई. ब्रीझ, गेल, स्क्वॉल, स्टॉर्म ही मंडळी आणि त्यांची सगळी पिल्लावळ तिने जाड शब्दकोशातून घोकली होती. पण खरं सांगायचं तर धक्क्यावर तिचे शब्द कोणी ऐकतच नसे. जाळी आवरता आवरता बोटीवाले तिचा आवाज ऐकत. आवाज सपाट असला की निघायचं, घसा ताणलेला वाटला की थांबायचं. आपल्या आवाजावर बोटी सुटतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने बटण दाबलं आणि वाचलं. खवळलेलं हवामान. अधूनमधून वारा. खांद्याशी साहेबांचा श्वास. आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट निघाला.

वाचून होतं न होतं तोच खिडकीच्या गजांतून एक रुंद चेहरा आत डोकावला. तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच भरवून मोठा केलेला. आता स्वतःची बोट, हाताखाली चार माणसं, मिशा कानापर्यंत.

“ताई, बर्फ भरून झालाय. खवळलेलं म्हणजे किती गं? तुझ्या भावजयीइतकं की कमी?”

मागे त्याची माणसं फिदीफिदी हसली. साहेब खाकरले.

“लिहिलंय तेवढंच,” ती कागदाकडे बघत म्हणाली.

“इकडे बघून बोल की.”

“कामात आहे रे. जा.”

तो खिडकीपासून वळला. “बरं. आवाज तर सपाटच आहे तुझा. चला रे!”

‘जा’ हा शब्द तिच्याच तोंडून गेला होता. नोकरी वाचवायला माणूस काय काय बोलतो! दुसऱ्या वेळी आवाज ताणू, तिने मनाशी ठरवलं. तोवर तो दोर सोडणार नाही. पण त्याच्याइतकी घाई बंदरात कोणालाच नव्हती. बाकीच्या बोटी अजून डिझेल भरत होत्या आणि त्याच्या इंजिनाने धडधड सुरू केली.

खिडकीतून समुद्र दिसत होता. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. क्षितिजावर खालच्या बाजूला शिशाच्या रंगाची एक पट्टी होती. मघाशी ती नव्हती.

“दुसऱ्यांदा वाचून टाका,” साहेब म्हणाले.

तिने बटण दाबलं. कागद उचलला. मग तिने कागद पालथा ठेवला.

“ढब्बू!” सगळ्या धक्क्यावर तिचा आवाज फाटला. “ए ढब्बू, परत फीर! वादळ आहे! मी खोटं वाचलं. कोणी जाऊ नका रे, वादळ आहे!”

साहेबांनी वायर उपटली. “डोकं फिरलंय का तुमचं?”

“फिरलंय,” ती म्हणाली. “मघाशी फिरायला हवं होतं.”

धक्क्यावर डिझेलचे डबे खाली ठेवले गेले. सुटलेले दोर पुन्हा खुंटांना पडले. एकूणएक बोट थांबली. फक्त एक बोट बंदराच्या भिंतीपलीकडे निघून गेली होती, आणि तिचं इंजिन एवढं धडधडत होतं की तिच्यावरच्यांना स्वतःचा श्वासही ऐकू आला नसता. भोंगाताईने फोन लावला. वाजला, वाजत राहिला. साहेब हातातल्या वायरीकडे बघत उभे होते. मग त्यांनी ती परत जोडली आणि माइक तिच्याकडे सरकवला.

ती बोलली. कर्णा ओरडला. बोट लहान होत गेली. वाऱ्याचा पहिला झोत आला तो खिडकीचं दार भिंतीवर आपटून गेला.

ती धावत बाहेर आली. बोटीवाले बंदराच्या भिंतीवर चढले होते. एरवी असं लहानपणीचं घरातलं नाव कानावर पडतं तर त्यांनी जन्मभर त्या माणसाला छळलं असतं. आता ते दाढ्या वाढलेले, अंगापिंडाने रेड्यासारखे गडी एका रांगेत उभे होते, तोंडाभोवती हात धरून समुद्राकडे ओरडत होते,

“ढब्बू! ए ढब्बू!”