चार टक्के

शहादेवने वहीत आकडा लिहिला आणि पेन टेबलावर आपटलं. सलग तिसऱ्या दिवशी कॅन्सरवर किरण देणाऱ्या मशीनची मात्रा चार टक्के कमी. पाण्याच्या टाकीत बोटाएवढी मोजणीची नळी बुडवून दर महिन्याला मशीन तपासायची आणि फरक जास्त निघाला तर उपचार बंद ठेवायचे, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. पण या वेळी कारणच सापडेना. सोमवारपासून बावीस पेशंट खोळंबले होते.

साखर कारखान्याने काढलेल्या या रुग्णालयाचे अध्यक्ष अर्जुनराव सकाळीच येऊन गेले. आमच्या काट्यावर चार टक्के कोण बघतं, असं हसत म्हणाले. मात्रा जरा वर सरकवा अन् मोकळे व्हा. शहादेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊस आणि माणूस एकाच काट्यावर तोलणाऱ्याशी बोलायचं तरी काय!

साफसफाई करणारी सुभद्राबाई टाकीतलं पाणी बादलीत काढत होती. ते पेशंटच्या नातेवाइकांना वापरायला जाई. दुष्काळात साठ लिटर पाणी मोरीत कोण सोडणार? दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला की टाकी पुन्हा भरायची. वैतागून त्याने बादलीतलं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं आणि दचकला. पाणी चांगलंच ऊन होतं.

"टँकर उन्हात उभा ऱ्हातो," सुभद्राबाई म्हणाली. "तापंल न्हाईतर काय?"

नळाला पाणी होतं तेव्हा टाकी आदल्या दिवशीच भरत. रात्रभर एसीत पाणी खोलीइतकं गार होई, म्हणून हिशेबात भिंतीवरचं तापमान धरायची त्याला सवय. भिंतीवर बावीस होतं. त्याने बादली परत टाकीत ओतायला लावली आणि थर्मामीटर बुडवला. चौतीस. गरम पाण्यात नळीतली हवा विरळ होते, आकडा घसरतो. नव्याने मोजलं तर फरक जेमतेम पाव टक्का.

मशीन पहिल्यापासून बरोबर होती. अर्जुनरावांचं ऐकलं असतं तर बावीस जणांना चार टक्के जास्त मात्रा बसली असती. पण त्याचं समाधान त्याला वाटेना. तळवाड्याच्या केसरबाईचे नऊ दिवसांचे उपचार राहिले होते. मधे खंड पडला की कॅन्सर डोकं वर काढतो, हे त्यानेच तिला बजावलं होतं, आणि सोमवारी त्यानेच तिला परत पाठवलं होतं. त्याने फोन लावला. ती दुष्काळातल्या जनावरांच्या चारा छावणीत होती.

"मशीन झाली का नीट, सायेब?"

"मशीनला काही झालंच नव्हतं, मावशी. मोजण्यात माझी चूक झाली. उद्या सकाळीच या."

पलीकडे गाय हंबरली.

"मी आले म्हनून जनावरं बघनारी माझी जाऊ गावाकडं गेली. आता शनवारपस्तोर न्हाई निघता येत. छावणीतल्या मोजनीला मालक नसला की जनावर बाहेर काढत्यात." तिने गायीला चुचकारलं. "मी तर म्हनलं होतं, तितंच दवाखान्यात बसून ऱ्हाते. मंग मला कावून धाडलं?"

शहादेवने वही पुढे ओढली आणि तिच्या नावापुढे शनिवार लिहिला.