नोरीनबाईंचं ‘संपलं’

मी लॉलीपॉप बोलतोय. जिभेवर विरघळणारा नव्हे. लांब दांडा आणि वर गोल पिवळी पाटी, पाटीवर काळ्या अक्षरांत ‘थांबा’. शाळेजवळ मुलं रस्ता ओलांडत असताना मला गाड्यांपुढे धरलं जातं आणि गाड्या थांबतात. मला धरणाऱ्या बाईला आमच्या उत्तर इंग्लंडातल्या लँकाशायरमध्ये लहानथोर सगळे लॉलीपॉपवाली म्हणतात.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. थांबलेली गाडी खरंच थांबलीय की नुसती दबा धरून बसलीय, हे मी शेवटचं मूल पलीकडे पोहोचेपर्यंत ठरवत नाही. कारखान्यात माझ्यावर चकाकणारा रंग चढवला, तो मी अंधारातही दिसावं म्हणून. पण चकाकणाऱ्या वस्तूला दिसतंही फार, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

माझे पहिले मालक एंटविसल आजोबा. गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. मग मी बराच काळ नगरपालिकेच्या गोदामात, मोडक्या बाकांच्या मागे उलटा उभा होतो. डोकं खाली, धूळ वर. त्यानंतर नोरीन क्लेग आल्या. त्यांनी आपल्या कोटाच्या बाहीने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “चल रे बाबा, आपण दोघंही अजून उपयोगाचे आहोत.”

नोरीनबाईंची सत्तरी जवळ आलेली. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पेन्शन तुटपुंजी, म्हणून भाड्यासाठी सरकारी मदत मिळायची. ती मदत थांबली तर घर सोडावं लागेल, हे त्या चहा ढवळतानासुद्धा विसरत नसत. मी त्यांच्या दाराआड, टेलिफोनशेजारी उभा असायचो, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

खालच्या मजल्यावरची डॉट रोज चहाला यायची आणि रोज तेच भांडण काढायची.

“नोरीन, तू वेडी आहेस. पगारातले पहिले थोडे पाउंड सोडले, तर पुढच्या प्रत्येक पाउंडामागे पासष्ट पेन्स भाड्याच्या मदतीतून कापतात. मग थंडीत नाक गोठवून घ्यायला कशाला जातेस?”

“उरलेल्या पस्तीस पेन्ससाठी.”

“त्यात काय येतं गं?”

“तू रोज येऊन खातेस ती बिस्किटं येतात.”

डॉटने आणखी एक बिस्किट उचललं. “आणि खरं सांगू का,” नोरीनबाई म्हणाल्या, “तिथे उभी नसते तर दिवसभरात मला फक्त तुझाच आवाज ऐकायला मिळाला असता.”

जुलैत शाळेला मोठी सुट्टी लागली. आमच्याकडे तेव्हा सगळे एकच शब्द वापरतात: संपलं. “तुमचं कधी संपलं?” “आमचं शुक्रवारी.” शिक्षक म्हणतात, शिपाई म्हणतो, लॉलीपॉपवालीही म्हणते. सुट्टीत नोरीनबाईंना पगार नसतो आणि मिळकत बदलली की कळवायचं असतं. म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे भाड्याची मदत देणाऱ्या कचेरीला फोन केला. मी शेजारीच होतो. फोनमधला आवाज तरुण, घाईतला आणि दूरच्या गावचा वाटला. मला तो तेव्हाच आवडला नव्हता.

थोड्या दिवसांनी भाड्याची मदत वाढली. “सरकारला उशिरा का होईना, सुबुद्धी झाली,” डॉट म्हणाली. सप्टेंबरात शाळा उघडली, आम्ही पुन्हा रस्त्यावर गेलो, पगार सुरू झाला. नोरीनबाईंनी या वेळी फोन केला नाही. शाळा सप्टेंबरात उघडते, हे आमच्या गावातल्या मांजरांनाही माहीत असतं. ते कचेरीला काय कळवायचं?

नोव्हेंबरात समोरच्या गल्लीत एक राखाडी गाडी उभी राहू लागली. आत एक माणूस. तो मुलाला सोडायला आलेला नव्हता आणि न्यायलाही नाही. मी त्याच्याकडे रोखून पाहत राहिलो. नोरीनबाईंनी मात्र त्याला हात केला, कारण त्या सगळ्यांनाच हात करतात.

मग चौकशीचं बोलावणं आलं. सकाळची मुलं शाळेत सोडून नोरीनबाई तशाच, पिवळ्या कोटात, मला हातात घेऊन बसने निघाल्या. कचेरीतल्या रखवालदाराने मला कोपऱ्यात उभं केलं. टेबलापलीकडे दोघं होते: गाडीतला तो माणूस, मिस्टर पेल, आणि शांत चेहऱ्याच्या मिसेस अख्तर.

“तुम्ही जुलैत नोकरी सोडल्याचं कळवलंत,” मिस्टर पेल म्हणाले. “म्हणून तुमची मदत वाढवली. पण तुम्ही रोज कामावर दिसता. गावातल्याच एका व्यक्तीने आम्हाला फोन करून सांगितलं.”

“नोकरी सोडली? मी?” नोरीनबाई म्हणाल्या. “कुणी सांगितलं?”

“नाव सांगता येत नाही. ही फसवणूक ठरली तर मदत बंद होऊ शकते, कोर्टातही जावं लागेल. तुमचाच आवाज ऐका.”

त्यांनी जुलैतल्या फोनचं ध्वनिमुद्रण लावून ऐकवलं. यंत्रातून नोरीनबाई आनंदाने म्हणाल्या, “आमचं शुक्रवारी संपलं हो.”

“पूर्ण संपलं का?” तो घाईतला आवाज.

“अगदी पूर्ण! आता पगार नाही. शेवटच्या दिवशी पोरांनी चॉकलेटं दिली, मला तर रडूच आलं.”

मिस्टर पेल खुर्चीत मागे रेलले. माझा दांडा गार पडला. ऐकणाऱ्याला तो निरोप समारंभच वाटला असता.

तेवढ्यात मिसेस अख्तर यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं खोकला आला. त्या हसत होत्या.

“पेल, तुम्ही मूळचे कुठले?”

“लंडनजवळचा. त्याचा इथे काय संबंध?”

“माझी अम्मी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दर जुलैत घरी येऊन सोफ्यावर पडायची आणि म्हणायची, ‘संपलं एकदाचं.’ सप्टेंबरात पुन्हा एप्रन बांधून जायची. हो ना, मिसेस क्लेग?”

“मग दुसरं काय म्हणणार?” नोरीनबाई म्हणाल्या. “संपलं म्हणजे संपलं. सुट्टीपुरतं!”

मिस्टर पेलनी कागदांकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. मी काही मदत केली नाही.

फसवणुकीचा ठपका पुसला गेला. घर वाचलं. पण पगार पुन्हा सुरू झाला हे कळवायला हवं होतं, तेवढी चूक नोरीनबाईंची ठरली. जास्तीची मदत त्या आता हप्त्याहप्त्याने परत करतात. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

त्यांना वेगळंच काहीतरी लागून राहिलं: फोन कुणी केला?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात करणं सोडलं. बेकरीवाल्याने पाव गरम आहे म्हटलं, तर याला आज एवढा पुळका का, असं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. डॉटलाही त्यांनी विचारलंच.

“मी?” डॉट कप ठेवून उठली. “मला सांगायचं असतं तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं. आणि बिस्किट खाऊन सांगितलं असतं!” त्यानंतर आठवडाभर ती वर आली नाही.

संशय हे माझं काम होतं. नोरीनबाईंनी ते आपल्याकडे घेतलं. पण मी गाड्यांकडे बघायचो, आणि नोरीनबाई मुलांच्या आईबापांच्या चेहऱ्यांकडे बघू लागल्या.

एका सकाळी त्या एका आईचं हसू निरखत होत्या. मी त्यांच्या हातात अर्धवट झुकलेला. पहिलीतली एक पोर फुटपाथवरून उतरली. दुधाच्या व्हॅनचा ब्रेक किंचाळला. नोरीनबाईंनी पोरीच्या दप्तराला धरून तिला मागे ओढलं. कुणालाही काही झालं नाही. पोर तर हसतच होती.

नोरीनबाईंनी पोरीला फुटपाथवर उभं केलं. मग त्यांनी मला रस्त्याच्या मधोमध घट्ट रोवलं. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. त्या आईबापांकडे वळल्या.

“ऐका. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याबद्दल कचेरीत फोन केला. कुणी, ते मला माहीत नाही आणि आता माहीत करूनही घ्यायचं नाही. मी काम करते, पगार घेते, कचेरीला सगळं ठाऊक आहे. पुन्हा शंका आली तर मला विचारा, मी रोज इथेच असते. चला, आता मुलांचे हात धरा आणि ओलांडा.”

एक गाडीवाला हॉर्न वाजवणार होता, त्याने हात मागे घेतला.

सगळे माझ्यासमोरून गेले. नोरीनबाई मुलांकडे बघत होत्या, म्हणून त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. तिघांनी माना खाली घातल्या.

एका फोनला तीन माना जास्तच झाल्या. मी अजून त्याचाच विचार करतोय. पण नोरीनबाईंना सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.