शून्य नंबरचा ब्रश

मी शून्य नंबरचा ब्रश बोलतोय. अंगाने काडीएवढा, पण माझ्यावाचून डोळा उघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोठे ब्रश नुसते रंग फासतात, भाव आम्हालाच आणावा लागतो.

डोंबिवलीच्या एका दुकानात बरणीत उभा होतो. कांताताईंनी उचललं, टोक जिभेवर ओलं करून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. तेव्हापासून टिटवाळ्याला सीतारामकाकांच्या गणपती कारखान्यात आम्ही आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही, ही काकांची शिस्त. वीस वर्षांत ताईंवर पुसायची वेळच आली नव्हती.

पण ताईंना स्वतःची चित्रं काढायची होती. दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीत, खाट भिंतीला उभी लावून, त्यांनी शेजारच्या बायका रंगवल्या. पंचावन्नाव्या वर्षी ठाण्याच्या एका कलादालनाने प्रदर्शनाला होकार दिला. मग जागृती नावाची मुलगी त्यांच्यावर माहितीपट करायला कॅमेरा घेऊन येऊ लागली.

सगळे खूश होते. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. गेल्या हंगामापासून ताईंचा हात थरथरतोय, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. काकांना कळलं तर आखणी जाणार. कॅमेऱ्याला दिसलं तर सगळ्यांनाच कळणार. ताई रोज काही ना काही निमित्त काढून जागृतीला चेहऱ्याचंच शूटिंग करायला लावायच्या.

आज शेवटचं चित्र पुरं करायचंय. टँकरची वाट बघणारी शेजारची मीराबाई, हंड्यावर हात ठेवून. डोळे तेवढे बाकी, आणि कलादालनाचा टेम्पो दुपारी येणार. जागृतीने हट्टाने कॅमेरा माझ्या टोकापाशी आणला. डावा डोळा आखताना थरथर आलीच. पापणीची रेघ मधेच वाकडी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, ब्रश खराब झालाय का? पुसून परत काढा ना, मी रिटेक घेते."

हो म्हणा ताई, घाला माझ्यावर, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. माझे केस तसेही विरळ झालेत. एवढा आळ मी सहज सोसला असता.

ताईंनी माझं टोक बोटांनी सरळ केलं.

"ब्रश चांगलाय गं. माझाच हात हलतो, वर्ष होत आलं. हे पण घे तुझ्या फिल्ममध्ये. आणि डोळा पुसणार नाही मी."

हे सीतारामकाका बघतील, असं जागृती हळूच म्हणाली. बघू देत, म्हणाल्या ताई, आणि त्यांनी मला पुन्हा काळ्या रंगात बुडवलं.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजतोय. बोटांची थरथर माझ्यात उतरतेय, मला भीती वाटतेय, आणि ताईंनाही वाटतेय. ठाण्याला याल तेव्हा मीराबाईच्या डाव्या डोळ्याला हसू नका, एवढंच मागणं. आणि आता जरा गप्प बसू द्या मला. उजवा डोळा अजून राहिलाय.