न समजल्याची साक्ष

कप्तान आयुष्यात कधी कुठल्या जहाजाचे कप्तान नव्हते. बंदरात पाणबुड्या म्हणून त्यांची सारी नोकरी गेली, म्हणजे जहाजांच्या वर कमी आणि खालीच जास्त. निवृत्तीनंतर सार्वजनिक जलतरण तलावाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. हात पाठीमागे बांधून काठावर फिरण्याची त्यांची ढब पाहून कोणीतरी हे नाव ठेवलं, आणि त्यांना ते आवडल्यामुळे चिकटलं.

माणूस मनाचा मोकळा, पण खोडी दोन. एक, तोंडात तीळ भिजायचा नाही. दुसरी, ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. नळ का गळतो, विमान का उडतं, शेजाऱ्याचं लग्न का मोडलं, काहीही विचारा, उत्तर तयार. त्यांची बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, "यांना रस्ता विचारू नका. चुकाल तर चुकालच, वर अगदी आत्मविश्वासाने चुकाल."

आणि अशा माणसाला सून मिळाली ती आवाजाची इंजिनिअर.

समुद्रात पूल किंवा धक्का बांधायचा तर पोलादाचे जाडजूड खांब तळात ठोकावे लागतात. वरून यांत्रिक घण पडतो आणि प्रत्येक घावाचा आवाज पाण्यातून कोसच्या कोस जातो. हवेपेक्षा पाण्यात आवाज फार लांब पोचतो. मासे पळतात, देवमाशांच्या वाटा चुकतात, आणि जवळपास पाणबुड्या असेल तर त्याच्या कवटीत घण वाजतो. कप्तानांचा डावा कान असाच निकामी झाला होता. सुनेने या आवाजावर एक पडदा शोधून काढला होता. जाळ्यावर रबराच्या, बाहेरून भरीव दिसणाऱ्या शेकडो काळ्या वाट्या उपड्या टांगायच्या आणि ते जाळं खांबाभोवती पाण्यात सोडायचं. पडद्याच्या आत कानठळ्या बसतात, बाहेर मात्र कुजबुज.

कप्तानांची छाती किती फुगली असेल, ते सांगायला नको. सून त्यांना जेवणाच्या टेबलावर कागद पुढे ओढून हे सगळं समजावायची. कप्तान "बरोबर", "अगदी बरोबर", "मी हेच म्हणणार होतो" असं म्हणत मान डोलवायचे. तिने एकच बजावलं होतं. "बाबा, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत बाहेर कोणाला दाखवायचं नाही की सांगायचं नाही. आधी चारचौघांत उघड झालं तर ते नवीन राहत नाही, आणि पेटंट मिळत नाही."

"माझ्याकडून? शक्यच नाही," कप्तान म्हणाले होते.

पहिली चाचणी कप्तानांच्याच तलावात झाली, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. खोल भागात एक लोखंडी नळ उभा केला, त्यावर छोटा घण बसवला, भोवती पडदा सोडला. घण एकदा चालवून पाहिला, तेव्हा कप्तानांनी काठावरून वाकून पाण्यात डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही. ऐन वेळी पाण्यातल्या मायक्रोफोनची तार तुटली आणि सून नवी तार आणायला कारखान्याकडे गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फाटक लावून घ्या."

कप्तानांनी फाटक लावलं. पण फाटकाशी रोजची पोहणारी मंडळी उभी होती. सुट्टी विसरून आलेली, खांद्यावर टॉवेल, तोंडं पडलेली. त्यातल्या एकाने विचारलं, "कप्तान, आत काय ठोकताय?"

एवढं पुरलं. कप्तानांनी सगळ्यांना आत घेतलं, पाण्यात उतरवलं आणि घण सुरू केला. "डोकी बुडवा. आता बाहेर काढा. पडदा वर घेतो. आता पुन्हा बुडवा." पडदा वर होता तेव्हा मंडळी कान धरून वर आली, पडदा खाली होता तेव्हा एकमेकांकडे बघत राहिली. निळा गॉगल लावलेला एक उंच गडी, जो नुकताच यायला लागला होता, त्याने तीनतीनदा डोकं बुडवलं. मग काठाशी येऊन त्याने विचारलं, "हे होतं कसं?"

सून परत आली तेव्हा सगळे निघून गेले होते, पण काठ ओला होता. "कोणी आलं होतं का?" तिने विचारलं.

"मी पोहलो जरा," कप्तान म्हणाले. त्यांचे कपडे कोरडे ठणठणीत होते. सून घाईत होती म्हणून वाचले.

अर्ज गेला. पेटंट कार्यालयाने तो रीतसर प्रसिद्ध केला आणि मग दुसऱ्या एका कंपनीची हरकत आली. हा पडदा अर्जाच्या आधीच एका सार्वजनिक तलावात दाखवला गेला होता, त्याचं कार्य तपशीलवार समजावून सांगण्यात आलं होतं, सबब तो नवीन नाही. खाली साक्षीदार म्हणून त्यांच्याच एका इंजिनिअरची सही होती. तो निळ्या गॉगलवाला.

सुनेने ते पत्र जेवायच्या टेबलावर वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. फक्त वाचून झाल्यावर कप्तानांकडे बघितलं.

कप्तानांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "फाटकाशी उभे होते सगळे," ते म्हणाले. "मला राहवलं नाही. कौतुक वाटत होतं गं."

"मला माहितीये, बाबा," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. तिने एखादा कठोर शब्द बोलायला हवा होता, निदान चिडायला हवं होतं, असं कप्तानांना वाटत राहिलं. वर्षानुवर्षांच्या तिच्या कष्टांवर त्यांनी एका सकाळीत पाणी फिरवलं होतं.

पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाई बारीक चणीच्या आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना आणि सुनेला समोर बसवलं. "जाळं कसं टांगलंय, ते सगळ्यांनी पाहिलं. तेवढा दावा आपण सोडून देऊ, तो गेला. पण खरी युक्ती वाटीच्या आत आहे, आणि वाटी कोणी कापून पाहिलेली नाही. म्हणजे आता घोडं एकाच ठिकाणी अडलंय. काका, आतली युक्ती तुम्ही त्यांना सांगितलीत का? नीट, समजेल अशी?"

आता कप्तानांची खोडी बघा. नाकातोंडात पाणी गेलं होतं, तरी मान ताठच. "सांगितली म्हणजे? अगदी व्यवस्थित सांगितली. मी अर्धवट काही सांगत नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सून मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. सासऱ्यांना आतलं काही ठाऊक नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला परक्यासमोर ‘तुम्हाला कळलेलं नाही’ असं कसं म्हणायचं?

"मग साक्षीत जे खरं आहे ते सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला शिकवणार नाही. फक्त एवढं समजून घ्या, तुम्ही त्यांना खरोखर समजावलं असेल तर पेटंट गेलं."

घरी येऊन कप्तानांनी हे बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "पण तुम्हाला तरी कळलं होतं का हो?"

कप्तानांनी तोंड उघडलं. उत्तर नेहमीसारखं आपोआप येईना. टेबलावरचे ते कागद, त्यावरची चित्रं, आपली डोलणारी मान, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकदाही त्यांनी ‘थांब, हे पुन्हा सांग’ असं म्हटलं नव्हतं. तिने ओळीने सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकल्यासारखं केलं होतं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. कप्तान शहाणे ठरले तर सून बुडणार होती, आणि सून तरायची तर कप्तानांना सगळ्यांदेखत अडाणी ठरावं लागणार होतं.

"बोला की," बायको म्हणाली.

कप्तान चपला घालून बाहेर फिरायला गेले.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, खिडकीत धूळ खाणारं झाड. मधोमध सुनावणी अधिकारी, केस पिकलेले, स्वतः पदार्थविज्ञान शिकलेले. एका बाजूला सून आणि वकीलबाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचा वकील आणि तो उंच इंजिनिअर. गॉगल नसल्यामुळे तो बराच लहान दिसत होता.

कंपनीचा वकील मोठा गोडबोल्या. त्याने कप्तानांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. "आपण बंदरातले जुने पाणबुडे. पाण्याखालचं आपल्याइतकं इथे कोणाला ठाऊक असणार?"

"खरं आहे," कप्तान म्हणाले. सवय.

"यंत्रांचीही उत्तम जाण असणार."

"लोक विचारायला येतात," कप्तान म्हणाले. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"त्यात सूनबाईंनी आपल्याला घरी सगळं समजावून दिलं होतं. तेव्हा तलावावर आपण ही युक्ती लोकांना बरोबर आणि पूर्ण समजावून सांगितलीत. आपल्यासारखा जाणकार माणूस उगाच थापा मारणार नाही. होय ना?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाला होय म्हटलं तो प्रश्न इतक्या अदबीने समोर आला होता. कप्तानांनी सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. सासऱ्याची फजिती आपल्या डोळ्यांनी बघायला नको, म्हणून ती मुद्दाम खिडकीकडे बघत होती. हे कप्तानांना कळलं.

"नाही," ते म्हणाले. "थापाच मारल्या."

वकील थबकला. "म्हणजे?"

"मला काही माहीत नव्हतं. आजही नाही. पोरगी समजावायची, मी मान डोलवायचो. त्या दिवशी या साहेबांनी विचारलं, हे होतं कसं, तर मी म्हटलं, रबर भरीव आहे, खास जातीचं आहे, आवाज पिऊन टाकतं. तोंडाला आलं ते सांगितलं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा केला. त्यांच्यापुढच्या अर्जात वाटीची आकृती होती. वाटी भरीव नव्हतीच. आत पोकळी, पोकळीत हवा, आणि तोंडाशी एक अरुंद मान. आवाज आला की ती कोंडलेली हवा मानेतून मागेपुढे डुचमळते आणि त्यात आवाजाचा जोर जिरतो. कुठला आवाज जिरवायचा, ते मानेच्या मापावर ठरतं. रबर नुसतं हवा धरून ठेवतं.

"मला या इंजिनिअरसाहेबांना एक विचारायचंय," वकीलबाई म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. "तलावावरून गेल्यावर तुम्ही तुमच्या कारखान्यात असा पडदा करून पाहिलात का?"

कंपनीचा वकील हरकत घेऊ लागला, पण इंजिनिअर सरळमार्गी निघाला. "पाहिला," तो म्हणाला.

"वाट्या कशा होत्या?"

त्याचे कान लाल झाले. "भरीव रबराच्या."

"आणि आवाज?"

"तसूभरही कमी झाला नाही. आम्ही रबराच्या सगळ्या जाती पाहिल्या. बरेच महिने त्यातच गेले." तो कप्तानांकडे वळला. "तुम्ही इतकं खात्रीने सांगितलं होतं, काका."

अधिकाऱ्यांनी खोकल्याचं निमित्त करून पाण्याचा पेला तोंडाला लावला. सून आता खिडकीकडे बघत नव्हती. तिने तोंडावर हात धरला होता आणि तिचे डोळे भरून आले होते, हसून की कशाने ते तिलाच सांगता आलं नसतं.

कंपनीच्या वकिलाने जाता जाता एक बाण सोडलाच. "मग ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नव्हतं, ते गावाला दाखवत सुटण्याचं कारण काय?"

"एक गोष्ट कळली होती," कप्तान म्हणाले. "माझा हा कान पाण्याखाली गेलाय. घण पडायला लागला की खाली काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी घण चालू होता आणि मी पाण्यात डोकं घातलं, तर मला माझा श्वास सोडल्याचे बुडबुडे ऐकू आले. अशा वेळी बुडबुडे कधी ऐकू येत नाहीत, साहेब. म्हणून बोलावलं सगळ्यांना."

निकाल त्याच दुपारी लागला. जाळ्याचा दावा गेला, वाटीचा राहिला. पेटंट मंजूर. निकालपत्राची प्रत हातात आल्यावर वकीलबाईंनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि जरा संकोचून म्हणाल्या, "काका, हे वाईट वाटून घेऊ नका. कायद्याची भाषा अशीच असते."

तिथे लिहिलं होतं: साक्षीदारास सदर शोधाचे तत्त्व अजिबात समजलेले नव्हते, याबद्दल आमची पूर्ण खात्री पटली आहे.

कप्तानांनी ते वाक्य सावकाश वाचलं. खाली सही होती, शिक्का होता. सून म्हणाली, "बाबा, चला, घरी जाऊ." तिने त्यांचा हात धरला होता.

पण ते निघेनात. बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी दुसऱ्याच सुनावणीसाठी आलेले गृहस्थ बाकावर बसले होते, अगदी अनोळखी. कप्तान सुनेला हाताला धरून त्यांच्यापाशी घेऊन गेले आणि निकालपत्र त्यांच्यापुढे धरलं.

"हे वाचा," ते म्हणाले. "माझ्या सुनेने असं काही शोधलंय, की मलासुद्धा कळलं नाही."