गादीवाल्याची गैरसोय

मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करायला धावू नका, मित्रांनो. माझा निळा रंग अजून गर्द आहे आणि माझं दार लावलं की दागिन्याची डबी मिटल्यासारखा आवाज येतो. मी शर्यतीच्या घराण्यातली. बसकी, रुंद, दोन दारं, दोन सीट आणि पोट जमिनीपासून वीतभर. आम्हाला बघायला सगळा रस्ता थांबतो. सांभाळायची वेळ आली की रस्त्याला काम आठवतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साध्या गाड्या यंत्रं जोडतात, मला माणसांनी जोडलं. माझ्या सीटचं चामडं एका बाईने हाताने शिवलं. टाका वाकडा गेला की ती स्वतःलाच चार शब्द सुनवायची, उसवायची आणि परत घालायची. माझ्यात जो काही ताठा आहे तो तिच्या सुईतून आला असावा. मग मला काचेच्या भिंतींच्या दुकानात दिव्यांखाली उभी केली. लोक यायचे, माझ्या बोनेटवर हात ठेवून फोटो काढायचे आणि बसने घरी जायचे.

एक दिवस एक माणूस आला. त्याच्या बाहीला फोमचा भुगा चिकटलेला. विकणाऱ्याला वाटलं, पत्ता विचारायला आला असेल. त्या माणसाने फोटोबिटो काही काढला नाही. तो आत बसला, सीटमध्ये अंगठा रुतवून बघितला आणि म्हणाला, "फोम चांगला दाट आहे."

एवढ्या वर्षांत लोकांनी माझं इंजिन वाखाणलं, वळण वाखाणलं. फोम वाखाणणारा हा एकच. तोच माझा मालक झाला.

मालकांचा गाद्यांचा कारखाना होता. पाठ धरलेल्यांना कडक गादी, अंग दुखणाऱ्यांना मऊ, नवरा-बायकोचं पटत नसेल तर एक बाजू कडक आणि एक मऊ. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या पाठीची सोय पाहिली. घरात खुर्ची आली तीसुद्धा पाय मजबूत बघून. बिनकामाची अशी एकच वस्तू त्यांनी आयुष्यात आणली, ती मी.

घरी पोहोचलो तेव्हा मालकीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ही कशासाठी?"

कुठली गादी कशासाठी हे मालक झोपेतही सांगायचे. इथे मात्र एकच शब्द निघाला. "अशीच," ते म्हणाले.

"अशीच शिंक येते. गाडी अशीच घेत नाहीत. आपण तिघं, हिच्यात जागा दोघांना. लेकीने कुठे बसायचं?"

"मी बोनेटवर बसेन," लेक म्हणाली. ती तेव्हा शाळेत होती आणि तिला मी फार आवडले होते. मलाही ती आवडली. पोरीला अक्कल होती.

मालकीणबाईंनी मला त्याच दिवशी नाव ठेवलं, गैरसोय. "अहो, तुमची गैरसोय जरा पुढे घ्या, दूधवाल्याला वाट नाही." "गैरसोयीवर कपडे वाळत घालू का? नाही? मग तिचा उपयोग काय?" नाव असं चिकटलं की कारखान्याचा टेम्पोवालासुद्धा आदराने म्हणायचा, "शेठ, गैरसोय पुसून ठेवली."

हा टेम्पो अंगणात माझ्या शेजारीच असायचा. अंगणात जागा बेताची. टेम्पो आणि एक गाडी, वर एका सायकललाही वाव नाही. टेम्पोच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "गादी घरपोच". त्याचं दार तारेने बांधलेलं, एक डोळा फुटका. बिघडला तर हातोडीचे दोन ठोके बसायचे की चालू. माझा बारीकसा भाग बिघडला तर तो समुद्रापलीकडून यायचा आणि तोवर मी अभ्रा पांघरून पडून. होय, अभ्राच. मालकांनी गादीच्या कापडाचा माझ्या मापाचा अभ्रा शिवला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मालक अभ्रा काढायचे आणि आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागायचो. मालकीणबाई शेजारी. गल्लीत स्पीडब्रेकर आला की माझं पोट घासायचं. म्हणून मालक थांबायचे, मालकीणबाई खाली उतरायच्या, मी हलकी होऊन तिरकी-तिरकी पलीकडे जायची, त्या चालत यायच्या आणि परत बसायच्या. दर स्पीडब्रेकरला असंच. दुकानदार दारात येऊन बघायचे.

"लग्न झाल्यापासून ह्यांच्या गाडीतून फिरते म्हणतात लोक," त्या दुकानदारांना ऐकवायच्या. "मी गाडीमागूनच जास्त फिरले."

पण मोठा रस्ता लागला, मालकांनी पाय दाबला आणि माझा आवाज सुटला, की ह्याच बाई डोक्यावरचा रुमाल सोडायच्या आणि म्हणायच्या, "अजून थोडं. पुढच्या गाडीच्या पुढे काढा. बघत काय बसलाय?" हे त्या घरी कधी कबूल करायच्या नाहीत. मी साक्षीदार आहे.

अशी वर्षं गेली. लेक शिकली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली. आणि मालकीणबाईंचा खुबा झिजला. आधी लंगडणं, मग काठी, मग दवाखान्यात नेऊन सांधा बदलला. घरी पाठवताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. बसायची जागा उंच हवी. खाली बसायचं नाही, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. नवा सांधा निखळू शकतो.

आता माझी सीट म्हणजे जवळजवळ जमीनच. तरण्याताठ्या माणसालाही माझ्यातून उठताना देव आठवतो.

मग बाई तपासणीला टेम्पोतून जाऊ लागल्या. टेम्पोची सीट बरोबर मापाची निघाली. ना उंच, ना खाली. माझ्या अंगाची आग झाली, पण खरं ते खरं. टेम्पोवाला पायाखाली फळी ठेवायचा आणि म्हणायचा, "सावकाश, वहिनी. आधी चांगला पाय, मग नवा."

दवाखान्याच्या दारात "गादी घरपोच" उभा राहिला की लोक हसायचे. बाई खाली उतरून त्यांना सांगायच्या, "गाद्या उतरवल्या. आता मला घरपोच करणार आहेत."

लेक भेटायला आली तेव्हा अंगणातच बोलली. "बाबा, गैरसोय विका. उंच सीटची, चार दारांची घ्या. आई किती दिवस गाद्यांबरोबर फिरणार?"

मालक काही बोलायच्या आत मालकीणबाईच कडाडल्या. "माझ्या खुब्याच्या नावावर काही विकायचं नाही. उद्या हे जेवताना उसासा टाकतील आणि घास अडकेल माझ्या घशात. मला नको ते पाप. टेम्पो काय वाईट आहे?"

"आई, तू हट्टी आहेस."

"मी हट्टी नाही. मी म्हणते तेच बरोबर असतं, त्याला मी काय करू?"

तरी लेकीने एक गिऱ्हाईक पाठवलं. त्याने विचारलं, "डिकीत काय मावतं?"

"एक उशी," मालक म्हणाले. "दुसरी दाबली तर." पुढे त्यांनी पावसात माझं छत कुठे गळतं, भाग मिळायला किती वाट बघावी लागते, पोट कुठे कुठे घासतं, सगळं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. गिऱ्हाईक चहाही न पिता गेलं.

"विकताय की हाकलताय?" खिडकीतून आवाज आला.

मला तेव्हा बरं वाटलं. मित्रांनो, कोणीतरी आपल्याला सोडत नाही यात मोठं सुख असतं. पण ते कोणाच्या गैरसोयीवर मिळतंय, हे मी तेव्हा बघितलं नाही.

मालकांनी तिसरीच वाट काढली. गादीवाल्याला जगातलं कुठलंही दुखणं उशीने बरं होतं असं वाटतं. त्यांनी माझ्या सीटसाठी उशी बनवली. पहिली मऊ निघाली, बाई तिच्यात बुडाल्या. दुसरी कडक केली, तर डोकं छताला टेकलं.

"आता छताला भोक पाडा," बाई म्हणाल्या. "मी मुंडी बाहेर काढून बसते, लोकांना रामराम करत."

तिसरी जरा तासली. चौथी मागून उंच, पुढे उतरती अशी केली. अंगणात बसवून बघितली, बरी वाटली. मालकांचा चेहरा असा खुलला की बाईंना नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी तपासणीला जायचं होतं आणि टेम्पो माल घेऊन गेला होता. मालकांनी अभ्रा काढला.

उशीचं कापड गुळगुळीत आणि माझं चामडं त्याहून गुळगुळीत. चौकातल्या वळणावर उशी पुढे सरकली. बाई तिच्याबरोबर घसरल्या, कंबर खाली गेली आणि गुडघे वर आले. मालकांनी गाडी जागच्या जागी थांबवली. बाईंनी दाराची कड घट्ट धरली होती, ओठ पांढरे पडले होते.

रस्त्यावरच्या दोन माणसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं आणि एका दुकानाच्या उंच बाकावर बसवलं. मालक सारखे म्हणत होते, "अगं बोल. काहीतरी बोल. शिव्या दे." बाई एक शब्द बोलल्या नाहीत. दूधवाल्याला, लेकीला, मला, सगळ्यांना फैलावर घेणारी बाई गप्प. मालकांनी फोन केला तसा टेम्पो माल सोडून आला, त्यांना घेऊन गेला. मालकही त्याच्यातच चढले. मी चौकात एकटी. पोरं येऊन माझ्या काचेला नाक लावत होती. पहिल्यांदाच मला त्यात गंमत वाटली नाही.

टेम्पोवाल्यानेच पुढे मला घरी आणलं. सांधा जागेवर होता, नुसता स्नायू ताणला होता. थोडक्यात निभावलं.

संध्याकाळी मालक अंगणात येऊन माझ्यात बसले. किल्ली हातातच होती. थोड्या वेळाने वॉकर टेकत मालकीणबाई आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"तू ओरडली का नाहीस?" मालकांनी विचारलं.

"ओरडले असते तर तुम्ही म्हणाला असता, उशी बदलतो. मला पाचवी उशी नको होती."

मालकांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "विकतो हिला."

"माझ्यासाठी नको. सांगून ठेवते."

"तुझ्यासाठी कोण विकतंय? माझ्यासाठी विकतो. मला चालवताना शेजारी, पुढे काढा, पुढे काढा, करणारं माणूस लागतं. रिकाम्या सीटला घेऊन मी कुठे जाऊ?"

बाई बराच वेळ माझ्या छतावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या अंगाला एवढा वेळ कधी लागला नव्हता. मग म्हणाल्या, "बरं. पण गिऱ्हाईक मी बघणार. तुम्ही नुसत्या उशा मोजाल."

गिऱ्हाईक त्यांनी दवाखान्यातच गाठलं. ऑपरेशनच्या वेळी त्यांना भूल देणारी डॉक्टरीण. एकटी राहायची, दिवसभर लोकांना झोपवायची आणि स्वतः बसच्या रांगेत पेंगायची. ती चालत आली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्या फेरीत तिची पावलं मंदावली. भूल देणारीलाच भूल पडली.

"काकू, ही कामाची आहे का पण?" तिने विचारलं.

"कामाची अजिबात नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "डिकी नाही, जागा नाही, स्पीडब्रेकरला नखरे. पण मोठ्या रस्त्याला लाग आणि पाय दाब. तेव्हा विचारायचं सुचणार नाही."

मालक बायकोकडे बघतच राहिले. "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर दुसरी आणली असती."

"आणि सीट दोनच ना?" डॉक्टरीण म्हणाली. "एक माझी, एक पर्सची. खूप झाल्या."

मी निघाले त्या दिवशी माझ्या जागेवर नवी गाडी येऊन उभी होती. पांढरी, उंच, चार दारांची, चेहरा अगदी सरकारी. मालकांनी डॉक्टरीणबाईंना सगळं समजावलं. तेल कधी, हवा किती, अभ्रा कसा धुवायचा. मग तेच परत एकदा, पहिल्यापासून. फाटकातून वळताना मला आरशात दिसलं. मालकीणबाईंनी पांढरीचं दार स्वतः उघडलं, कोणाचा हात न धरता आत बसल्या, आणि लगेच सुरू झाल्या, "अहो, हिचा हॉर्न वाजवा बघू. शी! शेळी बरी ओरडते."

मालक हसत होते. बऱ्याच दिवसांनी.

आता मी डॉक्टरीणबाईंकडे असते. त्या मला रोज चालवतात. मित्रांनो, वस्तूला जपायचं म्हणजे नुसतं झाकून ठेवायचं नाही. माझ्यासारखीला चालवा, वेळेवर तेल घाला, चिखल लागला तर त्याच दिवशी पुसा. जीव लावायला माझी ना नाही. पण मी तुमच्या माणसाच्या आड यायला लागले, तर उशा शिवत बसू नका. मला चालती असतानाच चांगल्या हाती द्या. मला वाईट वाटेल. वाटू दे, मी लोखंडाची आहे. तुमच्या घरातलं बोलणारं माणूस तेवढं बोलतं राहू द्या.