मागच्या कामाचं उत्तर

कालव्याच्या भिंतीचं काँक्रीट दुपारी दोन वाजता भरायचं होतं. सकाळी साडेदहाला सुनेच्या लक्षात आलं, की भिंत पाण्यापेक्षा अर्धा मीटर ठेंगणी आहे.

ऑफिस टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. बाहेरच्या खोलीत सासूबाई फोन आणि पत्रव्यवहार सांभाळत. आतल्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं होती, खिडकीजवळचं सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, आणि दाराजवळचं सुनेचं. मुलगा सहसा साइटवर असे. घरातली चार माणसं तीच ऑफिसातली चार, त्यामुळे घरचं भांडण इथे मिटायचं आणि इथलं घरी पेटायचं.

अण्णांनी तीस वर्षं डोंगरावरून पाणी खाली आणणारे कालवे काढले होते. त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत, एक ‘गणित’ आणि दुसरी ‘मंजूर’. आधी दोन्हींत अण्णांचीच सही असे. सून आल्यावर गणिताची चौकट तिची झाली. या वर्षी अण्णा सत्तरीला आले आणि ‘मंजूर’मध्येही तिचीच सही चालावी म्हणून त्यांनी पाणी खात्याच्या मागे लकडा लावला. खात्याने बरेच आढेवेढे घेतले, शेवटी एका कामापुरतं मान्य केलं. ते काम नीट झालं तर पुढे बघू, असं ठरलं. ते काम म्हणजे हा कालवा. त्याच्या नकाशावर दोन्ही चौकटींत सुनेची सही होती.

चूक सापडली ती चूक शोधताना नव्हे. खात्याला दप्तरासाठी गणिताची स्वच्छ प्रत हवी होती आणि मूळ कागद साइटवर नवऱ्याकडे होते. कागद मागवण्यापेक्षा पुन्हा करणं सोपं, म्हणून ती कोरा कागद घेऊन बसली.

समीकरण दिसायला साधं आहे. पाण्याची खोली आणि पाणी पळतंय त्या वेगाची भर, दोन्ही मिळून दीड मीटर व्हायला हवं. पण खोली कमी धरली की वेग वाढतो, जास्त धरली की वेग घटतो. म्हणून खोली थेट काढता येत नाही. एक आकडा अंदाजाने धरायचा, समीकरणात घालायचा, किती चुकलं ते बघायचं आणि त्या चुकीच्या हिशेबाने आकडा सरकवायचा. मग नवा आकडा पुन्हा घालायचा. आकडा सरकेनासा झाला, की ते उत्तर.

पहिला आकडा कोणता धरायचा याला ऑफिसात एक नियम होता: मागच्या कामाचं उत्तर. अण्णांनी तो पेन्सिलीने गणितं करायच्या काळात घालून घेतला होता. मागचं काम बहुतेक पुढच्यासारखंच असे, त्यामुळे चार फेऱ्यांचं काम दोन फेऱ्यांत उरकायचं. “हवेतून सुरुवात करणारा हवेतच राहतो,” असं ते म्हणत. त्यावर सासूबाई म्हणत, “यांचं सगळं असंच. भाजीत मीठ किती घालू विचारलं, तर म्हणतात कालच्याएवढं. काल खारट झाली होती ते विसरायचं.”

त्या सकाळी मागच्या कामाचं उत्तर सुनेच्या हाताशी नव्हतं. तिने सोयीचा म्हणून एक मीटर धरला. आकडा आधी दीडवर गेला, मग एक पूर्णांक चाळीस शतांशाच्या आसपास आला आणि तिथेच ठरला. एक मीटर चाळीस.

तिच्या नकाशावर पाणी चव्वेचाळीस सेंटिमीटर होतं.

कुठेतरी बोट चुकलं असेल, म्हणून तिने पुन्हा केलं. एक मीटर चाळीस. मग अर्ध्या मीटरपासून सुरुवात केली. चव्वेचाळीस. तिने दोन्ही उत्तरं पाळीपाळीने समीकरणात घालून पाहिली. दोन्ही चपखल बसत होती. मग तिने अधलामधला पाऊण मीटर धरून पाहिला, तर पुढचा आकडा थेट बारा मीटरच्या वर उडाला.

“काय गं, कपाळाला हात का लावलास?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“कालव्यात बारा मीटर पाणी आलंय.”

“बारा? खालचा टायरवाला बुडेल की!”

“नाही, ते ओसरतं. पण चव्वेचाळीसही नाहीये.”

तेच पाणी, तेवढंच बळ घेऊन, दोन तऱ्हांनी वाहू शकतं. उथळ आणि वेगाने, किंवा खोल आणि संथ. समीकरणाला दोन्ही मान्य असतात. कुठून सुरुवात केली यावर त्यातलं कुठलं उत्तर हाती येणार हे ठरतं. अण्णांची आजवरची सगळी कामं उताराची होती आणि उतारावर पाणी उथळच पळतं, म्हणून मागचं उत्तर पुढे चालून गेलं. हा कालवा सपाट जमिनीवरून जाणार होता आणि त्याच्या शेवटी गेट होतं. गेटापाशी पाणी अडणार, मागे फुगणार आणि संथ होणार. हे सुनेला ठाऊक नव्हतं असं नाही. गेटचा नकाशा तिनेच काढला होता. पण मागच्या कामाच्या उत्तरापासून सुरुवात केल्यावर उत्तर झटपट जुळलं होतं आणि जुळलेल्या उत्तराकडे कोणी वळून पाहत नाही.

भिंत नव्वद सेंटिमीटरची होती.

तिने नवऱ्याला फोन लावला.

“आज काँक्रीट भरू नकोस.”

“झालं. काय राहिलं आता?” मागे यंत्राचा आवाज होता. “अगं, प्लांटला गाड्या सांगून झाल्यात. कंत्राटदार सकाळपासून हातात घड्याळ घेऊन उभा आहे.”

“पाणी एक चाळीस येणार आहे.”

तो यंत्रापासून लांब गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

“नक्की?”

“तीनदा केलं.”

“अण्णांना सांगितलंस?”

“अजून आले नाहीत ते.”

“मग ऐक. सांगूच नकोस. शटरिंगच्या फळ्या मी वर घेतो, दोन दिवस लागतील. साइटची गरज म्हणून भिंत वाढवली, असं लिहू. असं दर कामात होतं, कोणी विचारत नाही. तुझी सही आहे तिथे राहील.”

तो खोटं बोलत नव्हता, साइटवर असं खरंच होतं. खात्यातलं कोणी मान वर करून बघितलं नसतं.

“सळ्यांचं काय?” तिने विचारलं.

“कसलं काय?”

“भिंत पंधरा सेंटिमीटर जाडीची आहे. सळ्या चव्वेचाळीसच्या पाण्याच्या हिशेबाने टाकल्यात. पाणी तिप्पट खोल झालं की भिंतीवरचा रेटा नऊपट होतो. नुसती उंच करून काय उपयोग?”

“म्हणजे फुटेल?”

“पहिल्या दिवशी नाही फुटणार. भिंतीपलीकडच्या वखारीत लाकूड रचून झाल्यावर फुटेल.”

“मग सळ्याही वाढवू.”

“कुठल्या नकाशावरून वाढवशील? खात्याचा माणूस सळ्या मोजतो. उंची नाही मोजत, सळ्या मोजतो.”

नवऱ्याने दीर्घ श्वास घेतला. “थांबवतो. पण कंत्राटदाराच्या तोंडाचा पट्टा ऐकायला तू ये. माझे कान किटलेत.”

अण्णा अकराला आले. छत्री कोपऱ्यात ठेवून त्यांनी टेबलावरची धूळ रुमालाने पुसली. रोज पुसत. सुनेने त्यांना बसू दिलं आणि मग सगळं सांगितलं, उत्तरं, गेट, सळ्या आणि थांबवलेलं काँक्रीट. नवऱ्याने काय सुचवलं होतं तेवढं गाळलं.

“चव्वेचाळीस चुकीचं नाहीये,” अण्णा म्हणाले.

“नाही. चुकीचं नाहीये.”

“मग?”

“तिथे ते लागू नाही.”

“तुझ्या त्या पद्धतीवर माझा कधीच भरवसा नव्हता. उड्या मारते ती.” त्यांनी पेन्सिल काढली. त्यांची स्वतःची पद्धत जुनी आणि संथ होती: दोन टोकं घ्यायची, उत्तर त्यांच्यामध्ये आहे याची खात्री करायची, मग मधोमध पाहायचं आणि निम्मा भाग सोडून द्यायचा. उरलेल्या निम्म्याचं पुन्हा तसंच. त्यांनी शून्य आणि पाऊण मीटर ही टोकं घेतली. आकडे आखडत गेले आणि चव्वेचाळीसवर येऊन थांबले. अण्णांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

“हे बघ. उडी नाही, काही नाही.”

“अण्णा, आता पाऊण आणि दोनच्या मध्ये करा.”

“कशाला?”

“करा ना.”

“माझी परीक्षा घेतेस?”

“हो.”

बाहेरच्या खोलीत टाइप करण्याचा आवाज थांबला. सासूबाई ऐकत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

अण्णांनी केलं. या वेळी हात सावकाश चालला. तिसऱ्या निम्म्यानंतर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेवटच्या ओळीत एक मीटर चाळीस आलं तेव्हा त्यांनी आकड्याखाली रेघ मारली नाही. एरवी मारत.

“गेट किती उंचीचं?” त्यांनी विचारलं.

“दीड मीटर.”

“म्हणजे पाणी खोलच राहणार.” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “मी सपाटीवर काम कधी केलंच नाही.”

“नियम मी वापरला. सही माझी आहे.”

“नियम वापरलास हीच तर चूक.”

“तुम्हीच घालून दिलेला!” दारातून सासूबाई म्हणाल्या.

“तुला कोणी विचारलं?”

“मला कोणीच विचारत नाही. म्हणून तर हे असं होतं.”

खात्यातल्या साहेबांना फोन कोणी करायचा, यावर चर्चा झाली नाही. सुनेने केला. साहेब तरुण होते, सभ्य होते आणि तिची सही चालावी म्हणून वरिष्ठांकडे त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोन प्रश्न विचारले. प्रश्न नेमके होते.

“काँक्रीट भरायच्या आधी सांगितलंत, हे बरं केलंत,” ते म्हणाले. “पण बाई, आता माझी पंचाईत झाली. पहिल्याच नकाशाला हे असं. मला वर उत्तर द्यायचंय.”

“कळतं मला.”

“सुधारित नकाशावर अण्णांची सही हवी. तुमच्या एकटीच्या सहीवर मला घेता येणार नाही. अण्णांची सही नसेल तर काम दुसऱ्या ऑफिसकडे जाईल. स्पष्ट बोलतोय, राग मानू नका.”

“राग नाही. परवापर्यंत पाठवते.”

तिने फोन ठेवला आणि अण्णांना शब्द न बदलता सांगितलं. त्यांनी मान हलवली. सासूबाईंनी चहा आणला. तो कोणी गरम असताना प्यायला नाही.

जुना नकाशा रद्द झाला. कालव्याचं पुढचं सगळं गणित अण्णांनी स्वतः करायला घेतलं, पाण्याची खोली, भिंतीची उंची, जाडी आणि सळ्यासुद्धा. सुनेने दोनदा विचारलं, काही करू का. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिने इतर कामं केली. ‘मंजूर’ची चौकट आता त्यांच्याकडे परत गेली हे तिने मनाशी धरून टाकलं होतं. घरी याबद्दल कोणी बोललं नाही. नवऱ्याने फक्त कंत्राटदार कोणकोणत्या प्राण्यांची नावं घेऊन बोलला ते सांगितलं आणि ती हसली.

ठरल्या दिवशी दुपारी अण्णांनी नकाशा तिच्या टेबलावर आणून ठेवला. कोपऱ्यात त्यांची सही होती, ‘गणित’च्या चौकटीत. ‘मंजूर’ची चौकट कोरी होती.

“चौकट चुकली, अण्णा.”

“नाही चुकली. गणित मी केलंय.”

“साहेबांना तुमची सही हवीय.”

“आहे की! कुठे हवी ते ते बोलले नाहीत. तूच सांगितलंस मला, शब्द न बदलता.”

“ते परत पाठवतील.”

“मग पाठवू देत. तेव्हा बघू.” ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. “सही कर आणि दे. मुलगा खाली गाडी घेऊन उभा आहे.”

सुनेने पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग कोरा कागद ओढला.

“काय करतेस?”

“तपासते.”

“माझं?”

“मंजूर कोण करतंय?”

खाली हॉर्न वाजला. सासूबाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, “थांब जरा, वरती परीक्षा चालू आहे!”

सुनेने पाण्याची खोली दोन्ही बाजूंनी काढली. गेटापासचा भाग वेगळा करून पाहिला. जाडी पाहिली, सळ्यांमधलं अंतर पाहिलं. अण्णा आधी वर्तमानपत्र वाचत होते, मग नुसतं समोर धरून बसले. पुन्हा हॉर्न वाजला. तिने डोकं वर केलं नाही.

“अण्णा, पाण्याच्या वर भिंत तीस सेंटिमीटरच ठेवलीत.”

“आजवर तीसच ठेवलीय. कुठेही पाणी वर आलेलं नाही.”

“उतारावर. इथे गेट बंद करताना लाट उलटी येणार. चाळीस हवी.”

“तीस पुरते.”

“अण्णा, मी याच्यावर सही करणार नाही.”

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उठून तिच्या टेबलाशी आले. नकाशा त्यांनी उलटा धरून पाहिला, मग सुलटा. गेटापासच्या रेषेवरून बोट फिरवलं, मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

“किती येईल लाट?”

“पस्तीसच्या आत. म्हणून चाळीस.”

“काढून दाखव.”

तिने दाखवलं. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. एका ठिकाणी थांबले, खिशातली पेन्सिल काढून बाजूला काहीतरी मांडलं, ते जुळलं, पुढे गेले.

मग नकाशा उचलून ते आपल्या टेबलाशी गेले, खोडरबर शोधला आणि तीस खोडायला लागले.

“मुलाला सांग,” ते सासूबाईंना म्हणाले, “गाडी बंद कर म्हणावं. अजून तासभर लागेल.”